वृद्धाश्रमात आपल्या माणसाची हेळसांड होतेय अशी शंका आली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आत्या वीस महिने पनवेलच्या पुढे एका होममध्ये होती. लग्न केलेलं नाही, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली, आणि गिरगावातल्या चाळीत खोली चौथ्या मजल्यावर. दुसरा इलाज नव्हता असं आम्ही तेव्हा म्हणायचो, मी आजही म्हणते. शेवटच्या पाच महिन्यांत तिथे जे झालं ते निस्तरताना मला बरंच कळलं, आणि तेव्हापासून ओळखीच्या ओळखीने फोन येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढलं. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. बँकेत नोकरी करते, त्यामुळे कागद सांभाळून ठेवायची सवय आहे. ती फार कामाला आली.

वृद्धाश्रम, केअर सेंटर, नर्सिंग होम... फरक काय पडतो?

तक्रार कुठे करायची ते यावरच ठरतं. मुंबईत ‘नर्सिंग होम’ अशी पाटी असली की आपल्या डोळ्यांसमोर बाळंतपणाचं किंवा हर्नियाचं छोटं खासगी रुग्णालय येतं. कायदा त्याहून रुंद आहे. १९४९ च्या महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा येते. म्हणजे नळीवाटे अन्न, ऑक्सिजन, बेडसोरचं ड्रेसिंग चालत असेल तर ‘आमचा नुसता आश्रम आहे’ हे उत्तर पुरत नाही. मुंबईत ही नोंदणी महापालिकेकडे असते आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं. पुढच्या भेटीत त्याचा फोटो काढा. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर रिकाम्या भिंतीचाही काढा.

जिथे फक्त राहणं-जेवण आहे ते वृद्धाश्रम. बरेचसे ट्रस्टचे असतात, काही कोणा एका माणसाच्या मालकीचे. आधी पावती बघा. पैसे कोणाच्या नावाने घेतात, तिथून धागा मिळतो.

मारहाण नाही, शिवीगाळ नाही. तरी काहीतरी बरोबर वाटत नाही. याला हेळसांड म्हणायचं का?

बहुतेक हेळसांड अशीच असते. कोणी काही वाईट करत नाही, करायचं तेच करायचं राहून जातं. आणि ते दिसतं बारीकसारीक गोष्टींत.

आत्याच्या खाटेशेजारी पाण्याचा ग्लास नेहमी भरलेला असायचा. मी खूश असायचे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत लक्षात आलं, ग्लास ठेवला होता डाव्या हाताला. तो हात उचलतच नव्हता. पाणी होतं, झाकण होतं, फक्त पिता येत नव्हतं.

कवळीचंही तेच. आत्या बारीक होत चालली होती. रजिस्टरमध्ये रोज नोंद: ‘जेवण नाकारलं’. सहीसकट. ताटात पोळी-भाजी यायची आणि तशीच परत जायची. कवळी तीन आठवड्यांपूर्वी चादरीबरोबर धोब्याकडे गेली होती आणि हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. दात नसलेल्या बाईने पोळी ‘नाकारली’.

म्हणून चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, काठी या चार वस्तू प्रत्येक भेटीत बघा. यंत्र कानात आहे का एवढं बघून भागत नाही, त्यात बॅटरी आहे का तेही बघा.

अंगावर काय बघायचं?

पाठीची बाजू. आपण चेहरा बघतो, हात हातात घेतो आणि निघतो. माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे या हाडाच्या जागी बेडसोर सुरू होतात. सुरुवातीला जखम नसते, नुसता लालसर किंवा काळपट डाग असतो. बोटाने दाबून सोडलं की निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते आणि परत रंगावर येते. डाग फिका पडत नसेल तर तो बेडसोरच समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का ते हाताला कळतं. स्वतः कूस बदलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं, हा रुग्णसेवेतला जुना दंडक आहे. गादी एअरची असली तरी वळवावं लागतंच. अनेक ठिकाणी एअर बेड असतो आणि त्याचा पंप बंद असतो. हात खाली घालून बघा.

मग वजन. महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरणं ही डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. पन्नास किलोच्या बाईचे महिन्यात अडीच किलो, म्हणजे तेवढंच. वजनकाटा नसेल तर ब्लाऊज आणि बांगड्या सांगतात.

जीभ कोरडी, लघवी गडद, आणि एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं सुरू झालं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पाणी कमी पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवीन गोळी, यांपैकी काहीतरी असू शकतं आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो. दुपारी कधीही जा, माणूस गाढ झोपलेलाच, असं असेल तर गोळ्यांचा चार्ट मागा. झोपलेला पेशंट सांभाळायला सोपा असतो.

पण हे सगळं म्हातारपणामुळेही होऊ शकतं ना?

हो. उगाच कोणाच्या अंगावर जाण्याआधी याचा विचार कराच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसतं धरून उठवलं तरी हातावर जांभळे डाग पडतात. डिमेन्शियात भूक मरते. अगदी शेवटच्या दिवसांत उत्तम काळजी घेऊनही कातडी फाटते. मी दोन प्रश्न विचारायचे: हे तुमच्या लक्षात कधी आलं, आणि त्यावर तुम्ही काय केलं? चांगल्या ठिकाणी तारखेसकट उत्तर मिळतं, बहुतेकदा आपण विचारायच्या आधीच फोन आलेला असतो. जखम तुम्हाला दिसेपर्यंत त्यांना ‘माहीतच नव्हती’, हे मात्र वयावर ढकलता येत नाही.

आई म्हणते ‘इथे मला मारतात’. तिला डिमेन्शिया आहे. खरं मानायचं?

ऐकून घ्यायचं. उलटतपासणी नको. ‘कोणी मारलं, कधी मारलं’ असं विचारलं की ती गोंधळते आणि मग गोष्ट दर वेळी बदलते. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि अंग बघा. तारखा चुकत असतील, माणसं चुकत असतील, पण एका ठरावीक माणसाने खोलीत पाऊल टाकलं की अंग चोरून घेणं हे विसराळूपणातून येत नाही.

भेटायला कधी जावं?

त्यांना सोयीची नसेल अशा वेळी. रविवारी अकरा वाजता सगळी होम छान असतात. फिनेलचा वास, केसांना तेल, कपाळाला टिकली. मी चेंबूरहून हार्बरने पनवेलला आणि पुढे रिक्षाने जायचे, म्हणजे अर्धा दिवस जायचाच. तरी महिन्यातून एक फेरी संध्याकाळी सात-साडेसातची ठेवली. दिवसपाळीच्या मावशी निघालेल्या असतात, रात्रपाळीच्या आलेल्या असतात किंवा नसतात. रात्री किती माणसांमागे किती मावशी हे त्या वेळी मोजता येतं. आमच्याकडे एकवीस खाटा होत्या आणि रात्री दोघी. त्यातली एक स्वयंपाकघरातही हात लावायची.

आता डायपरचं. मला हे एका सिस्टरने शिकवलं. सकाळी गेले तेव्हा डायपरच्या चिकटपट्टीवर बॉलपेनने बारीक टिंब केलं. खाली स्टेशनजवळ जेवले, बँकेचं एक काम उरकलं, सहाला परत वर गेले. टिंब तिथेच होतं. त्या महिन्याच्या बिलात डायपर लावले होते रोजचे पाच.

पुरावा म्हणून काय ठेवू?

एक वही. दोनशे पानी, साधी. तारीख, वेळ, ड्युटीवर कोण, काय दिसलं, कोण काय म्हणालं. त्याच दिवशी लिहायचं, परतीच्या गाडीत लिहिलंत तरी चालेल. आणि विशेषणं टाळा. ‘अमानुष’ लिहिण्यापेक्षा ‘चादर ओली, वास, दुपारी ३.१०, बेल वाजवल्यावर २५ मिनिटांनी कोणी आलं’ असं लिहा. वाचणाऱ्याला ते जास्त लागतं.

जखमेचा फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याची प्रत बारीक होते. पुढे कोर्टात लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा तो कोणत्या फोनमध्ये काढला हे विचारतात. पण तिच्या अंगाचे फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकू नका. तिला लाज आहे.

सीसीटीव्ही असेल तर अमुक तारखेचं अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, असं लेखी द्या. जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढत जातं, तेव्हा हे पत्र पहिल्याच आठवड्यात गेलं पाहिजे. उपचारांचे कागदही लेखी मागा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात.

खोलीत लपवून कॅमेरा ठेवू का?

मी ठेवला नाही. खोलीत आणखी तिघी होत्या, त्यांचेही कपडे तिथेच बदलत. तुमच्या माणसाची स्वतंत्र खोली असेल, ती व्यक्ती हो म्हणत असेल आणि वकिलाने करार वाचला असेल तर गोष्ट वेगळी.

बोलायचं कोणाशी? मावशीला विचारलं तर ती रडायलाच लागली.

मावशीला सोडा. बारा तासांची ड्युटी, पाठवलेली कुठल्यातरी ब्युरोने, त्यात दहा-अकरा माणसं एकटीच्या गळ्यात. माणसं कमी ठेवायची हे तिने ठरवलेलं नसतं. पुढे खरं सांगणारी एकमेव व्यक्तीही बहुधा तीच असते.

मालक किंवा मॅनेजर, आणि समोर बसून. गेल्या महिन्यातलं सगळं न काढता तीनच मुद्दे न्या. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी मेल किंवा मेसेज करा: ‘आज आपण असं म्हणालात, अमुक तारखेपर्यंत असं करणार आहात.’ उत्तर नाही आलं तरी तो कागद तयार झाला. पत्र हातोहात देत असाल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊन या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

तक्रार केली तर राग तिच्यावर काढतील अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही, आणि मी यावर तीन महिने घालवले. त्या तीन महिन्यांत टाचेवरचा डाग जखम झाला. आता विचारलं तर मी म्हणेन, तक्रार द्या आणि त्याच आठवड्यात भेटी वाढवा. भावंडं, भाचरं, शेजारी, कोणीही, वार वाटून घ्या. ज्या खाटेपाशी रोज कोणीतरी येतं त्या खाटेवर हात टाकायला लोक कचरतात. पण आधी तिला विचारा. बुद्धी शाबूत असलेल्या माणसाच्या डोक्यावरून निर्णय घेणं हीही एक हेळसांडच. आत्या म्हणाली, ‘आधी माझे दात आणा, मग भांडा.’

लगेच हलवायचं कधी?

पडल्यानंतर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, जखमेला वास येतोय किंवा ताप आहे, जाग येत नाही, पाणी गिळता येत नाही, सांगता न येणाऱ्या जागी मार आहे, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. मुंबईत आणत असाल तर सायन, केईएम, नायर, कूपर, जवळ पडेल ते. कॅज्युअल्टीत डॉक्टरला शंका स्पष्ट सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, करायला सांगा. ही नोंद झाली की रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं. आणल्याबरोबर, ड्रेसिंग करण्याआधी, फोटो काढा. घरी नेऊन आंघोळ घालून दुसऱ्या दिवशी नेलंत तर तुम्हालाच विचारतील की जखम कुठे झाली.

पोलीस म्हणतात, ‘हा तुमचा आपसातला मामला आहे.’

आधी हद्द समजून घ्या, कारण मुंबईकरांची म्हातारी माणसं मुंबईबाहेर असतात. पनवेल जिल्ह्याने रायगड, पण पोलीस नवी मुंबईचे. नेरळ-कर्जत रायगड पोलिसांकडे. बदलापूर ठाणे आयुक्तालयात. वसई-विरारचं आयुक्तालय २०२० पासून मीरा-भाईंदरबरोबर वेगळं झालंय. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात, ती मग योग्य ठाण्याकडे जाते.

दखलपात्र हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात असा गुन्हा. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून मुद्दाम न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. पण शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. नुसतं तेवढंच सांगितलंत तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेऊन घरी पाठवतील. बेदरकारपणाने जीव धोक्यात घालून इजा करणं, कलम १२५, हे दखलपात्र आहे. मृत्यू झाला असेल तर कलम १०६. म्हणून इजा काय झाली ते एमएलसीच्या कागदासकट अर्जात वरच लिहा. ठाण्यात घेतलंच नाही तर तोच अर्ज डीसीपींकडे, ग्रामीण भागात एसपींकडे, पोस्टाने पाठवता येतो. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे.

पोलिसांशिवाय कुठे जाता येतं?

सगळीकडे एकदम पाठवू नका. दहा ठिकाणी पाठवलेलं पत्र प्रत्येक जण दुसऱ्याकडे ढकलतो.

१४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. सुरुवात इथून करा. नोंदणी असलेलं नर्सिंग होम मुंबईत असेल तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातला आरोग्य अधिकारी. नोंदणीबद्दल माहिती अधिकारात विचारता येतं. एरवी तीस दिवसांची मुदत असते, पण माहिती जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. अर्जात तसं स्पष्ट लिहा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त. डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल.

पैसे भरून सेवा घेतली असेल तर ग्राहक आयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. भरलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, होम कर्जतला असलं तरी. फुकट चालणारा आश्रम मात्र यात येत नाही. चौकशीसाठी १९१५. वकील हवाच असेल आणि परवडत नसेल तर १५१००. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाची मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याबद्दल हमखास विचारतात. तो मुख्यतः मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे. होमशी भांडायला त्याचा थेट उपयोग कमी.

रात्री हात बांधून ठेवतात. ‘पडू नये म्हणून’ म्हणतात.

डिमेन्शियाचे किंवा मानसिक आजाराचे रुग्ण ठेवणाऱ्या जागांना २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू होऊ शकतो. त्याच्या कलम ९७ प्रमाणे बांधणं फक्त तातडीचा धोका टाळण्यापुरतं, दुसरा उपायच नसेल तर, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. प्रत्येक वेळी नियुक्त प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं. माणसं कमी आहेत म्हणून ओढणीने बांधणं यात कुठेच बसत नाही. मनगट बघा, वळ दिसतो.

बिल बाकी आहे म्हणून सोडत नाहीत.

पैशाचा वाद पैशाच्या जागी. त्यासाठी माणूस अडवून ठेवता येत नाही. ते बेकायदा अडकवून ठेवणं होतं, ११२ ला फोन करा. डिपॉझिटचं पत्र, नोटिशीचा महिना हे सगळं बाहेर पडल्यावर भांडता येतं. निघताना वस्तूंची यादी करून सही घ्या. ‘आमची काही तक्रार नाही’ असा छापील कागद पुढे करतील. त्यावर सही करू नका.

भाऊ म्हणतो, ‘तूच ठेवलंस ना तिथे?’

त्याला मंगळवारची संध्याकाळची फेरी द्या.

तुमच्या आत्याचं पुढे काय झालं?

डोंबिवलीला एका बाईंच्या छोट्या होममध्ये हलवली, नऊ खाटांचं. टाच भरायला चार महिने लागले. डिपॉझिट ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाल्यावर, पहिल्या तारखेच्या आधीच परत आलं, कवळीचे पैसे धरून. नवीन कवळी पहिले आठ दिवस टोचत होती म्हणून ती काढून उशीखाली ठेवायची. तिथल्या मावशीने उशीला चिठ्ठी टाचली होती: ‘धुवायला टाकण्याआधी बघणे.’